वेल्समध्ये शिखरं मोजू नका, पाणी धरून चाला

तुमचा प्रश्न असा आहे: जूनमध्ये मुलीकडे ब्रिस्टलला येताय, त्यातले आठ दिवस वेल्ससाठी राखून ठेवलेत, दोघंही साठीच्या आसपास, सह्याद्रीत भरपूर भटकलेले. यादी तयार आहे: स्नोडन, पेन अ वान, कादेर इद्रिस, ‘आणि जमलंच तर एखादा धबधबा’. आठ दिवसांत हे होईल का, आणि गाइड लागेल का?

होईल. पण वेल्सच्या डोंगरांत लोकांना घेऊन हिंडणं हेच माझं काम असल्यामुळे सांगतो, ही यादी उलटी करा. धबधबा आधी, शिखर ‘जमलंच तर’. कारण सरळ आहे. पश्चिमेकडून येणारी समुद्रावरची ओली हवा इथल्या डोंगरांना पहिल्यांदा थडकते. एरेरीच्या (म्हणजे स्नोडोनियाच्या) उंच भागात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो आपल्यासारखा चार महिन्यांत पडून मोकळा होत नाही, बारा महिने पुरवून पुरवून पडतो. त्यामुळे माथा ढगात असण्याची शक्यता जूनमध्येही चांगलीच असते. तीन शिखरांसाठी तीन दिवस काढलेत आणि तिन्ही दिवस पांढऱ्या भिंतीकडे बघत डबा खाल्लात, असं सहज होऊ शकतं. नदीचं तसं नाही. ढग खाली उतरला तर ती उलट जास्त बोलते.

म्हणून माझी पद्धत अशी: एक पाणी निवडायचं आणि ते धरून चालायचं. वरच्या कुंडातून खालच्या तळ्यात, तिथून घळीत, घळीतून गावात. वेल्स इतका आटोपशीर आहे की डोंगरात जन्मलेली नदी बऱ्याचदा एका दिवसाच्या वाटेवर समुद्राला मिळते. आठ दिवसांत तुम्ही चार नद्या नीट बघू शकता.

ब्रिस्टलहून सगळ्यात जवळची म्हणजे मेल्टे. बन्नाय ब्रेखेइन्योग राष्ट्रीय उद्यानात, ज्याला २०२३ पर्यंत सगळे ब्रेकन बीकन्स म्हणत, त्याच्या दक्षिण अंगाला ही नदी आहे. अस्त्राडवेल्टे गावाच्या खाली कूम पोर्थला सशुल्क वाहनतळ आहे, तिथून सुरुवात करा. चालायला लागण्याआधी पाच मिनिटं खाली उतरून पोर्थ अर ओगोव्ह बघा. अख्खी मेल्टे तिथे एका गुहेच्या तोंडात शिरते आणि नाहीशी होते. वरचा भाग तांबड्या वालुकाश्माचा, त्यावर नदी निमूट वाहते. चुनखडीचा पट्टा आला की पाणी खडक विरघळवत जमिनीखाली जातं आणि काही अंतरावर पुन्हा वर येतं. मधल्या कोरड्या पात्रातून चालताना आपल्या पायाखाली नदी वाहते आहे, हे कळायला जरा वेळ लागतो. जिथे ती वर येते तो डोह दिसायला शांत आहे आणि त्यात माणसं बुडाली आहेत. तिथे पोहू नका, पाय बुडवायलाही उतरू नका.

पुढे चुनखडी संपते आणि कठीण वालुकाश्म आणि ठिसूळ शेल यांचे थर आलटून पालटून लागतात. इथून धबधबे सुरू होतात. स्गूड क्लिन-ग्विन, स्गूड इसाव्ह क्लिन-ग्विन, स्गूड अ पानूर, असे तीन मेल्टेवर. मग एक दांड ओलांडून शेजारच्या हेप्स्टे नदीवर उतरलात की चौथा, स्गूड अर आयरा. चारही करून परत यायला साधारण आठ किलोमीटर चाल पडते. नुसत्या अंतरावरून अंदाज बांधू नका. चढ-उतार, ओली मुळं, चिखल आणि शेवटच्या धबधब्याकडे उतरणाऱ्या उंच पायऱ्या धरून दिवसाचे चार-पाच तास हाताशी ठेवा. गुडघे कुरकुरत असतील तर उलट बाजूने, पाँटनेदवेखन गावाजवळच्या क्रेग अ दिनासपासून फक्त स्गूड अर आयराला जाऊन या.

या स्गूड अर आयराच्या मागून चालत जाता येतं. पूर्वी मेंढ्यासुद्धा याच वाटेने हाकत नेत, असं सांगतात. आत गेल्यावर फोटो काढून लगेच बाहेर येऊ नका, थांबा, आणि आधी डोक्यावर बघा. छतासारखा पुढे आलेला जाड थर आहे तो वालुकाश्म, याच्यावरूनच पाणी उडी मारतं. आता समोरची, खांद्याच्या उंचीची भिंत बघा. काळपट, पापुद्र्यापापुद्र्यांची, नुसत्या बोटाने टवका निघेल अशी. हा शेल. तुषार आणि थंडीतला गोठा-वितळ यांनी तो झिजत मागे सरतो, वरचा थर अधांतरी राहतो, आणि कधीतरी स्वतःच्या वजनाने तुटतो. खाली पात्रात पडलेले घराएवढे धोंडे त्याच छताचे तुकडे आहेत. म्हणजे धबधबा हळूहळू वरच्या दिशेने सरकतो आहे, आणि तुम्ही उभे आहात ती वाट ही त्या सरकण्यातली तात्पुरती मोकळी जागा. मोठा पाऊस होऊन गेला असेल तर मात्र आत शिरू नका. दगडावर शेवाळाचा थर असतो आणि पाण्याचा झोत वाटेवर येतो.

पाण्याकडे बघताना काठाकडेही लक्ष असू द्या. ओक आणि अ‍ॅशची झाडं, त्यांच्या खोडांवर बोटभर जाड शेवाळ, फांद्यांवर नेचे. समशीतोष्ण पट्ट्यातलं हे वर्षावन फार थोड्या ठिकाणी शिल्लक आहे. पाण्यातल्या दगडावर एक गुबगुबीत तपकिरी पक्षी, पांढरीशुभ्र छाती, आणि सारखा गुडघ्यात वाकून नमस्कार घालतोय असं दिसलं तर तो डिपर. बघता बघता तो वाहत्या पाण्यात बुडी मारून तळाशी किडे शोधत चालतो. खाली पाँटनेदवेखनपाशी झाडीत दगडी भिंतींचे अवशेष आहेत. तिथे १८५७ ते १९३१ बंदुकीच्या दारूचा कारखाना होता आणि त्याची चाकं मेल्टेच्या पाण्यावर चालत. वस्तीपासून दूर, पाणी भरपूर आणि कोळशाच्या खाणी गिऱ्हाईक म्हणून शेजारीच, अशी जागा हेरलेली. थोडं पुढे मेल्टे नेद नदीला मिळते आणि ती स्वान्सीच्या उपसागरात जाते.

दक्षिणेत असतानाच पेन अ वान करायचा असेल तर करा. ८८६ मीटर, पाँट आर दाव्हच्या वाहनतळावरून ठळक फरसबंद वाट, जाऊन येऊन चार तासांच्या आत. शनिवार-रविवारी मात्र टाळा, गर्दीत आपली जत्राच आठवते. माथ्यावर वाळूच्या लाटांचे ठसे उमटलेल्या फरश्या आहेत, त्या बघायला विसरू नका. डेव्होनियन काळात, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी, या जागी नद्यांनी गाळ आणून टाकला, त्याच्यावर पाण्याने काढलेली नक्षी आहे ती. शेजारच्या कॉर्न दीच्या उतारावर टॉमी जोन्स या पाच वर्षांच्या मुलाच्या आठवणीचा दगडी स्तंभ आहे. १९०० साली तो खालच्या दरीतल्या शेतघरापासून चुकला आणि जवळपास महिन्याने इतक्या वर सापडला. ‘आपल्या कळसूबाईच्या निम्मा डोंगर’ असं ज्यांना वाटतं त्यांना मी आधी तो स्तंभ दाखवतो.

हा उंचीचा हिशेब सह्याद्रीवाल्यांना नेहमी फसवतो, म्हणून इथेच सांगून टाकतो. १६४६ मीटरचा कळसूबाई चढणाऱ्याला १०८५ मीटरचा स्नोडन किरकोळ वाटतो. पण आपण बावन्न-त्रेपन्न अंश उत्तरेला आहोत. माथ्यावर आडोशाला झाड नाही, वारा सुटला की सुटला, आणि अंग भिजलं की जूनमध्येही दात वाजतात. आपल्याकडे भिजत चालणं हीच मजा, इथे भिजणं हेच संकट. पोंचो घरी ठेवा, पहिल्या झुळकेत तो डोक्यावर उलटतो आणि पायाखालचं दिसेनासं होतं. छत्रीचं तर नावच नको. जॅकेट आणि पँट दोन्ही वॉटरप्रूफ, आत लोकर किंवा फ्लीस, जीन्स अजिबात नाही, पिशवीत एक कोरडा थर, टोपी, हातमोजे, हेडटॉर्च. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो म्हणून टॉर्च कशाला, असं विचारू नका. डिसेंबरमध्ये चार वाजता अंधार पडतो हे सगळ्यांना माहीत असतं, तरी उशीर करणारे दोन्ही ऋतूंत सापडतात.

मध्य वेल्समध्ये फारसे पर्यटक थांबत नाहीत, गाडी पुढे हाकतात. तुम्ही थांबा, कारण पिमलिमॉन तिथे आहे. इंग्रजीत प्लिनलिमन, उंची ७५२ मीटर, दिसायला काहीच नाही. गवताळ, फुगीर, दलदलीचा माळ. पण याच माळावरून ब्रिटनमधली सगळ्यात लांब नदी सेव्हर्न निघते, आणि तिच्या उगमापासून थोड्या अंतरावर वाय निघते. सेव्हर्न ईशान्येला जाऊन श्रूसबरीला वळसा घालते आणि ३५४ किलोमीटर भटकून ब्रिस्टलकडे येते. वाय आग्नेयेला हेरफर्डवरून खाली उतरते, आणि दोघी चेपस्टोच्या खाली पुन्हा भेटतात. तिसरी, ऱ्हायडॉल, पाठ फिरवून थेट पश्चिमेला अ‍ॅबरिस्टविथला समुद्र गाठते. एका पठारावरून कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला जाताना ज्यांनी महाबळेश्वरला पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको. फरक एवढाच की इथे मंदिर नाही, गोमुख नाही. काळ्या पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या) चिखलात एक लाकडी खांब रोवलेला आहे, त्यावर दोन भाषांत लिहिलंय की इथे सेव्हर्न उगम पावते, बस.

लानिड्लोस गावावरून हावरेनच्या जंगलात गाडी न्या. तिथून खुणा केलेली वाट ओढ्याच्या काठाने वर जाते, जाऊन येऊन बारा-तेरा किलोमीटर. सुरुवातीला लाकडी फळ्यांची सोपी वाट आणि पाण्याच्या एक-दोन उड्या, मग स्प्रूसची लावलेली झाडी, आणि शेवटी उघडा माळ. बघण्यासारखं काय, तर पाण्याचा रंग. पीटमुळे कोऱ्या चहासारखा. हा पीट स्पंजासारखा पाऊस धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो, म्हणून नदी कोरडी पडत नाही. जिथे पूर्वी चर खणून तो कोरडा केला गेला तिथे आता चर बुजवून तो पुन्हा ओला करण्याची कामं वेल्सभर चालू आहेत. वाटेवरून भलतीकडे गेलात तर गुडघ्यापर्यंत आत जाल. फिकट हिरवं, मखमली, अगदी गोजिरं दिसणारं शेवाळ दिसलं की तिथे पाय ठेवायचा नाही.

आता उत्तर. इथे मी तुम्हाला स्नोडनच्या आधी कूम इडवालला पाठवेन. ए-५ रस्त्यावर ऑग्वेनच्या टोकाला गाडी लावा. दगडी फरसाची वाट अर्ध्या तासात तुम्हाला लिन इडवाल या तळ्यावर नेते. तिन्ही बाजूंनी काळे कडे, मध्ये तळं, आणि मागच्या कड्यात खडकांचे थर वाटीसारखे खाली वाकलेले. हे १९५४ साली जाहीर झालेलं वेल्समधलं पहिलं राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र. आपल्या सह्याद्रीतल्या दऱ्या पाण्याने कापलेल्या आहेत, इथल्या बर्फाने खरवडलेल्या. साडेअकरा हजार वर्षांपूर्वीपर्यंत या वाटीत हिमनदी होती.

१८३१ मध्ये बीगल जहाजावर जाण्याच्या काही महिने आधी चार्ल्स डार्विन भूगर्भशास्त्रज्ञ अ‍ॅडम सेजविक यांच्याबरोबर इथे आले. दोघं जीवाश्म शोधत कित्येक तास हिंडले आणि हिमनदीची एकही खूण त्यांच्या ध्यानात आली नाही. अकरा वर्षांनी डार्विन परत आले, तेव्हा सगळं डोळ्यांसमोर होतं. आगीत जळालेलं घरसुद्धा आपली कहाणी याहून स्पष्ट सांगणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. तुम्हीही शोधा. तळ्याच्या पश्चिम काठाला हिरवे उंचवटे दिसतील, ते हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचे ढिगारे. वाटेजवळचा एखादा बसका, पाठीसारखा खडक निवडा आणि त्यावर हात फिरवा. वरच्या दरीकडची बाजू गुळगुळीत लागेल, त्यावर एकाच दिशेने ओढलेले ओरखडे असतील. खालच्या बाजूला तोच खडक खडबडीत, ओरबाडून तोडल्यासारखा. बर्फ कुठून कुठे सरकला हे डोळे मिटूनही सांगता येतं.

तळ्याभोवतीची फेरी पाचेक किलोमीटरची आहे, मागच्या बाजूला दगडांतून चढावं लागतं. तिथे डोक्यावर कड्यात एक काळी चीर दिसते, तिला डेव्हिल्स किचन म्हणतात. आसपासच्या कपारींत स्नोडन लिली नावाचं बर्फयुगापासून टिकलेलं फूल आहे. मे-जूनमध्ये फुलतं, पण दुर्बिणीतून बघा, कड्यावर चढू नका. परतल्यावर पाण्यामागे जा. ते खाली ऑग्वेन तळ्याच्या तोंडाशी येतं आणि पुलाखालून धबधबा होऊन नांट फ्रँकन दरीत पडतं. रस्त्याच्या पुलाखाली वाकून बघितलंत तर ओझ्याच्या घोड्यांसाठीचा जुना, लहानसा दगडी पूल अजून शाबूत दिसेल. दरी इंग्रजी यू अक्षरासारखी रुंद, तळ सपाट, आणि त्या तळावर नदी नागमोडी. पुढे बेथेस्डा गाव आणि डोंगराला पायऱ्या पाडत गेलेली पेनरिनची स्लेटची खाण. वायव्य वेल्सचा हा स्लेटचा मुलूख २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. आणि मग बँगोरजवळ समुद्र. सोळाएक किलोमीटरांत नदीचं सगळं आयुष्य आटपतं.

चौथं पाणी ग्लासलिन नदीच्या खोऱ्यातलं. इथे तुमचं स्नोडनही येतं, हवं तेवढंच. दक्षिणेकडून वर जाणारी वॉटकिन वाट कूम लानच्या धबधब्यांना धरून चढते. पाणी स्वच्छ, हिरवट, दगडी कुंडांतून उतरणारं. ही वाट माथ्यापर्यंत करायची तर चढ हजार मीटरच्या वर आणि शेवटचा टप्पा घसरड्या खडीचा. मी तुम्हाला ती पूर्ण करायला सांगणार नाही. ग्लॅडस्टनच्या खडकापर्यंत जा. १८९२ मध्ये या वाटेचं उद्घाटन करताना ८२ वर्षांचे पंतप्रधान ग्लॅडस्टन त्या खडकावरून बोलले होते. त्यांना तिथवर जमलं म्हणजे तुम्हाला जमेलच. माथाच गाठायचा असेल तर लानबेरिसची वाट, जाऊन येऊन साडेचौदा किलोमीटर, लांबट पण सोपी. किंवा त्याच गावातून १८९६ पासून चालणारी डोंगरी रेल्वे, आधी आरक्षण करून. माथ्यावरच्या खडकात शिंपल्यांचे जीवाश्म आहेत, म्हणजे आपण समुद्रतळावर उभे असतो. क्रीब गोखची कड मात्र नाही म्हणजे नाही. दोन्हीकडे खोल दरी आणि मध्ये हातापायांनी धरून सरकायची धार, तिथे दरवर्षी बचाव पथकाला जावं लागतं.

खाली बेदगेलर्ट गावात नदीकाठी गेलर्ट कुत्र्याची समाधी आहे. राजा लिवेलिन शिकारीहून येतो, पाळणा उलटा, कुत्र्याचं तोंड रक्ताळलेलं. तो कुत्र्याला मारतो आणि मग बाळ सुखरूप आणि शेजारी मेलेला लांडगा सापडतो. पुढचं तुम्हाला सांगायला नको, पंचतंत्रातल्या ब्राह्मणीच्या मुंगसाची गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली असते. ती गोष्ट देशोदेशी वेषांतर करत इथे कुत्रा होऊन पोचली. अठराव्या शतकाच्या अखेरीस एका खानावळवाल्याने गिऱ्हाइकं वाढावीत म्हणून ती या गावाला चिकटवली आणि समाधीही उभी केली, असं सांगितलं जातं. समाधीवरून पुढे नदीला लागूनच अ‍ॅबरग्लासलिनच्या घळीची वाट आहे. दोन किलोमीटरसुद्धा नाही, पण एके ठिकाणी कड्याला ठोकलेले लोखंडी गज धरून पाण्यावरून सरकावं लागतं.

कादेर इद्रिसला माथा सोडा. मिनफोर्डच्या बाजूने ओकच्या झाडीतून लिन काव या तळ्यापर्यंत जाऊन या, डोंगराचा सगळ्यात देखणा भाग तोच आहे.

नकाशाचं थोडं. ऑर्डनन्स सर्व्हेचा ‘एक्सप्लोरर’ मालिकेतला १:२५,००० चा नकाशा घ्या, कागदी. फोनवरही ठेवा, पण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. त्यात हिरव्या तुटक रेघा म्हणजे चालण्याचा सार्वजनिक हक्क असलेल्या वाटा. काळ्या तुटक रेघा म्हणजे वाट आहे, हक्क असेलच असं नाही. फिकट पिवळ्या रंगाची मोकळी जमीन असेल तिथे कुठेही चालता येतं. नद्यांना मात्र हा नियम लागू नाही, काठाने वाट असली म्हणून पात्रात उतरायचा हक्क आपोआप मिळत नाही. फाटक जसं असेल तसं ठेवा: उघडं तर उघडं, बंद तर बंद. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी गाळल्याशिवाय पिऊ नका, वर कुठेतरी मेलेली मेंढी असते. नावं शोधताना एवढं ध्यानात ठेवा की वेल्शमध्ये एकेरी एफ ‘व्ह’सारखा वाचतात, म्हणून पेन अ वान नकाशावर एफने लिहिलेला दिसेल. वेळेचा हिशेब: सपाटीला तासाला पाच किलोमीटर, दर ६०० मीटर चढाला एक तास जादा, आणि त्या बेरजेत तुम्ही आणखी निम्मी भर घाला.

राहिला गाइड. मी वर सांगितलेल्या वाटांना, हवा ठीक असेल आणि तुम्हाला नकाशा वाचता येत असेल तर, गरज नाही. पिमलिमॉनच्या माळावर धुकं असेल तर जाऊच नका, गाइड घेऊनही बघायला काही मिळत नाही. स्नोडनच्या माथ्यापर्यंत जायचंच ठरवलंत आणि होकायंत्राची सवय नसेल, तर एक दिवसापुरता ‘माउंटन लीडर’ प्रमाणपत्र असलेला माणूस घ्या. आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा डोंगरांसाठीचा वेगळा अंदाज बघा, गावाचा नव्हे. त्यात ढगाची खालची पातळी आणि माथ्यावरचा वारा दिलेला असतो. अडचणीत सापडलात तर ९९९ लावून आधी पोलिस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. फोन लागत नसेल तर शिट्टीचे सहा फुंकर, एक मिनिट थांबून पुन्हा सहा. येणारी माणसं स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. ब्रिस्टलमध्ये असतानाच ९९९ ला मेसेज पाठवून नोंदणी करून ठेवा, कारण दरीत बोलण्यापुरती रेंज नसली तरी मेसेज कधीकधी निघून जातो.